‘७ ते ४’ची रांगोळी आणि संगणकाची मेथड

ठिपक्यांच्या रांगोळीच्या पुस्तकात बऱ्याच आकृत्यांखाली ‘७ ते ४’, ‘९ ते ५’ किंवा ‘१५ ते ८’ असे दोनच आकडे छापलेले असतात. जाणकार स्त्रीला तेवढे पुरतात. ‘७ ते ४’ म्हणजे मधली ओळ सात ठिपक्यांची आणि तिच्या वर व खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी करीत चारपर्यंत यायचे. ठिपके मांडण्याची रीत एकदा हाताला बसली की ‘९ ते ५’साठी ती पुन्हा शिकावी लागत नाही. रीत तीच राहते, आकडे बदलतात आणि अंगणातली आकृती लहान किंवा मोठी होते.

संगणकावर चित्रे काढण्याची आज्ञावली लिहायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांतच ‘मेथड’ आणि ‘पॅरामीटर’ हे दोन शब्द भेटतात. रांगोळीच्या भाषेत सांगायचे तर ठिपके मांडण्याची रीत म्हणजे मेथड आणि त्या रितीला पुरवलेले ‘७’ व ‘४’ हे आकडे म्हणजे पॅरामीटर. मराठी परिभाषेत पॅरामीटरला ‘प्राचल’ असा प्रतिशब्द आहे. वर्गात मात्र इंग्रजी शब्दच रूढ आहे.

कल्पना एवढी सोपी असूनही नवशिक्यांची गाडी नेमकी येथेच अडते. व्याख्या पाठ करून लेखी परीक्षेत गुण मिळवता येतात. पण प्रात्यक्षिकाच्या वेळी पडदा कोरा राहिला तर पाठ केलेली व्याख्या उपयोगी पडत नाही. याच टप्प्यावर ‘प्रोग्रॅमिंग आपल्याला जमणार नाही’ अशी अनेकांची समजूत होते. वास्तविक हा अडथळा बुद्धीचा नसून कंसात लिहिलेल्या आकड्यांचा अर्थ नीट न समजल्याचा असतो. तो अर्थ उलगडण्यासाठी चित्रांसारखे दुसरे साधन नाही, कारण चित्रातली चूक डोळ्यांना दिसते.

पडद्याचा नकाशा

संगणकाचा पडदा म्हणजे पिक्सेल नावाच्या सूक्ष्म चित्रबिंदूंची जाळी. ६४० गुणिले ४८० आकाराच्या चित्रपटलावर आडवे ६४० आणि उभे ४८० बिंदू असतात. त्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते. म्हणून आडवा क्रमांक ० ते ६३९ आणि उभा क्रमांक ० ते ४७९ असा चालतो. शाळेतल्या आलेखाशी तुलना करता येथे एक मोठा फरक आहे. आलेखावर ‘वाय’ची किंमत वाढली की बिंदू वर सरकतो, पडद्यावर मात्र तो खाली सरकतो. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर चित्र वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होऊन एकेक ओळ खाली उमटत जाई. मोजणीचा हा क्रम त्याच काळापासून रूढ झाला.

जावा या भाषेत रेषा काढण्यासाठी ‘ड्रॉलाइन’ नावाची तयार मेथड आहे. आज्ञा साधारण अशी दिसते : ब्रश.ड्रॉलाइन(१००, ५०, ३००, ५०). प्रत्यक्ष आज्ञा रोमन लिपीत लिहितात. तिची रचना मात्र हीच. या एका ओळीचे तीन भाग पाडता येतात. टिंबाच्या आधी काम कोणाला सांगायचे ते येते, टिंबानंतर कोणते काम करायचे ते आणि कंसात ते काम कशाच्या आधारे करायचे ते. मेथड हे वाक्यातले क्रियापद मानले तर पॅरामीटर म्हणजे ‘कोठून’, ‘कोठवर’, ‘किती’ या प्रश्नांची उत्तरे. नुसते ‘रेषा काढ’ म्हटले तर माणूसही ‘कोठे?’ असे विचारील. संगणक असे विचारीत बसत नाही. आवश्यक आकडे दिले नाहीत तर तो आज्ञावली स्वीकारायलाच नकार देतो.

वरच्या उदाहरणातले पहिले दोन आकडे रेषेच्या आरंभबिंदूचे आणि नंतरचे दोन शेवटच्या बिंदूचे. दोन्ही बिंदूंचा ‘वाय’ ५० असल्यामुळे आडवी रेषा उमटते. शेवटचा ५० बदलून २५० केला की तीच रेषा तिरपी होते. मेथड बदलली नाही, एक पॅरामीटर बदलला. नवशिक्याने पहिल्या दिवशी एवढा एकच प्रयोग चार-पाच वेळा केला तरी पुढचा बराच मार्ग सुकर होतो.

आकडे तेच, अर्थ वेगळा

महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून शिकलेल्या अनेकांची चित्रांशी पहिली ओळख बोरलँड कंपनीच्या ‘टर्बो सी’मधून झाली. त्यात ‘रेक्टँगल’ या नावाने चौकोन काढता येई. पुढे हेच विद्यार्थी जावाकडे वळले तेव्हा तेथे ‘ड्रॉरेक्ट’ भेटले. दोन्हींच्या कंसात चार आकडे. परंतु टर्बो सीमध्ये ते चौकोनाची डावी, वरची, उजवी आणि खालची कड सांगतात, तर जावात पहिले दोन आकडे वरचा डावा कोपरा आणि पुढचे दोन रुंदी व उंची सांगतात.

म्हणून (१००, १००, १५०, १५०) हे चार आकडे टर्बो सीमध्ये ५० एकक बाजूचा लहान चौरस देतात आणि जावात त्याच आकड्यांतून १५० एकक बाजूचा, म्हणजे तिप्पट बाजूचा चौरस उमटतो. दोन्ही ठिकाणी संगणकाने कोणतीही तक्रार केलेली नसते. त्याच्या दृष्टीने चार पूर्णांक मागितले होते आणि चार पूर्णांक मिळाले. व्यवहार पूर्ण झाला.

वर्तुळाची गोष्टही अशीच. टर्बो सीमधील ‘सर्कल’ला केंद्रबिंदूचे दोन आकडे आणि त्रिज्या लागते. जावातील ‘ड्रॉओव्हल’ला केंद्राशी देणेघेणे नाही. वर्तुळ ज्या चौकटीत नेमके बसेल त्या अदृश्य चौकटीचा वरचा डावा कोपरा, रुंदी आणि उंची तिला हवी असते. केंद्र (३२०, २४०) आणि त्रिज्या १०० असलेले वर्तुळ जावात काढायचे तर कोपरा (२२०, १४०) आणि रुंदी व उंची प्रत्येकी २०० द्यावी लागते. कमानीच्या बाबतीत टर्बो सी सुरुवातीचा आणि शेवटचा कोन विचारते. जावा सुरुवातीचा कोन आणि तेथून किती अंश फिरायचे ते विचारते. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये सुरू केलेल्या ‘प्रोसेसिंग’ या नवशिक्यांसाठीच्या प्रणालीत तर चौकोनासाठी कोपरा आणि लंबवर्तुळासाठी केंद्र अशी मुळातली सोय आहे. हवा तर तो अर्थ बदलण्याचीही मुभा आहे.

या सगळ्यांतून निघणारा धडा एकच. कंसातला आकडा स्वतःहून काहीच सांगत नाही. त्याचा अर्थ त्याच्या स्थानावर आणि मेथडच्या कर्त्याने ठरवलेल्या करारावर अवलंबून असतो. म्हणून नवी मेथड वापरण्यापूर्वी तिचा दस्तऐवज वाचणे हा कामाचाच भाग आहे.

सदतीस ठिपक्यांसाठी सदतीस ओळी?

तयार मेथड वापरणे ही पहिली पायरी आणि स्वतःची मेथड लिहिणे ही दुसरी. खरे शिक्षण दुसऱ्या पायरीवर होते. ‘७ ते ४’च्या रांगोळीत मधल्या ओळीत ७ ठिपके आणि तिच्या दोन्ही बाजूंना ६, ५ आणि ४ अशा ओळी; म्हणजे एकूण ७ ओळी आणि ३७ ठिपके. जावात भरीव ठिपका काढण्यासाठी ‘फिलओव्हल’ आहे. नवशिका विद्यार्थी वहीवर प्रत्येक ठिपक्याचे स्थान काढून ती आज्ञा ३७ वेळा लिहितो. चित्र उमटतेही. मात्र ‘ठिपक्यांतले अंतर थोडे वाढव’ असे कोणी म्हटले की जवळपास प्रत्येक ओळीतले आकडे पुन्हा मोजावे लागतात आणि ‘१५ ते ८’ची मागणी आली तर १६९ ओळी नव्याने लिहाव्या लागतात.

मेथडच्या मार्गाने जाताना काम दोन भागांत वाटले जाते. पहिली मेथड एका ठिपक्याची. तिला केंद्राचा एक्स, वाय आणि त्रिज्या एवढेच सांगायचे. चौकटीचा कोपरा काढण्यासाठी केंद्रातून त्रिज्या वजा करण्याचे आणि रुंदीसाठी त्रिज्येची दुप्पट करण्याचे गणित या मेथडच्या पोटात एकदाच लिहिले जाते. त्यानंतर आज्ञावलीत कोठेही ‘ठिपका(३२०, २४०, ४)’ असे म्हटले की काम भागते. जावाची चौकटीची पद्धत पुन्हा आठवावी लागत नाही.

दुसरी मेथड संपूर्ण मांडणीची. तिचे पॅरामीटर पाच : केंद्राचा एक्स, केंद्राचा वाय, मोठी ओळ, लहान ओळ आणि दोन ठिपक्यांतील अंतर. तिच्या आतली रीत अशी. मधल्या ओळीला शून्य क्रमांक द्यायचा; वरच्या ओळींना उणे १, उणे २, उणे ३ आणि खालच्यांना १, २, ३. कोणत्याही ओळीतील ठिपक्यांची संख्या म्हणजे मोठ्या ओळीतून त्या क्रमांकाचे चिन्हविरहित मूल्य वजा केलेली संख्या. क्रमांक २ असेल तर ७ वजा २, म्हणजे ५ ठिपके. ओळ मधोमध यावी म्हणून पहिल्या ठिपक्याचा एक्स काढताना केंद्रातून ओळीची निम्मी लांबी वजा करायची. ठिपके सहा असतील तर त्यांच्यामधील जागा पाच. म्हणून लांबी काढताना संख्येतून एक वजा करून अंतराने गुणायचे.

केंद्र (३२०, २४०) आणि अंतर ४० धरले तर सात ठिपक्यांच्या ओळीची लांबी २४०, निम्मी १२० आणि पहिला ठिपका २०० वर येतो. सहाच्या ओळीची लांबी २००, म्हणून पहिला ठिपका २२० वर. पाचची ओळ २४० वर आणि चारची २६० वर सुरू होते. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा २० एककांनी, म्हणजे बरोबर अर्ध्या अंतराने सरकते आणि वरचा ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध बसतो. रांगोळीतील ठिपक्यांची ती गुंफण आपोआप साधते. ओळींमधले उभे अंतर आडव्या अंताराच्या ०.८६६ पट, म्हणजे सुमारे ३४.६ घेतले की शेजारचे कोणतेही तीन ठिपके समभुज त्रिकोणात येतात.

एवढे झाल्यावर ‘मांडणी(३२०, २४०, ७, ४, ४०)’ ही एक ओळ ३७ ठिपके उमटवते. ‘९ ते ५’ हवे असल्यास दोन आकडे बदलायचे. ६१ ठिपके तयार. एकाच पडद्यावर चार कोपऱ्यांत चार लहान रांगोळ्या हव्या असतील तर तीच मेथड चार वेगळ्या केंद्रांसह चार वेळा बोलवायची. मेथड लिहिताना कंसात दिलेल्या ‘केंद्रएक्स’, ‘अंतर’ अशा नावांना पॅरामीटर म्हणतात आणि ती बोलवताना दिलेल्या ३२०, ४० यांसारख्या प्रत्यक्ष किमतींना आर्ग्युमेंट. बोलताना दोन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात. छापील अर्जातली रिकामी जागा आणि तेथे भरलेला मजकूर यांच्यात जे नाते आहे तेच या दोहोंत आहे.

अर्ध्या अंतराची चूक

याच मेथडमध्ये नवशिक्यांना हमखास चकवणारी एक जागा आहे. निम्मी लांबी काढताना कोणी ‘संख्या वजा एक’ला आधी अंतराने गुणतो आणि मग दोनने भागतो, कोणी आधी दोनने भागून मग गुणतो. वहीवर दोन्हींचे उत्तर सारखे येते. जावात मात्र दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच राहतो आणि अपूर्णांकाचा भाग टाकून दिला जातो. ५ भागिले २ हे २.५ न होता २ होते.

आधी भागले तर सहाच्या ओळीत २ गुणिले ४०, म्हणजे ८० वजा होतात आणि ओळ २२० ऐवजी २४० वर सुरू होते. चारची ओळ २६० ऐवजी २८० वर जाते. सात आणि पाच या विषम संख्यांच्या ओळी मात्र अचूक राहतात. परिणामी सम संख्येच्या सगळ्या ओळी अर्ध्या अंतराने उजवीकडे सरकतात, ठिपके एकाखाली एक उभ्या रांगांत येतात आणि गुंफण नाहीशी होते. रांगोळी पाहिलेल्या कोणाच्याही डोळ्यांना हे खटकेल. पगारपत्रकाच्या आज्ञावलीत अशीच चूक झाली असती तर ती आकड्यांच्या रकान्यात लपून राहिली असती. येथे ती पहिल्या क्षणी उघडी पडते. प्रोग्रॅमिंगची सुरुवात चित्रांपासून करावी असे म्हणणाऱ्यांचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे.

क्रम उलटला की कोरा पडदा

दुसरा सापळा क्रमाचा. मांडणीच्या मेथडला ‘७, ४’ ऐवजी चुकून ‘४, ७’ असे दिले तर काय होते? ओळींचे क्रमांक उणे ३ पासून ३ पर्यंत चालण्याऐवजी ३ पासून उणे ३ पर्यंत चढत्या क्रमाने चालवण्याचा प्रयत्न होतो. तसे करणे शक्य नसल्यामुळे आवर्तन एकदाही फिरत नाही. पडदा कोरा राहतो आणि चुकीचा संदेशही येत नाही. दोन्ही पॅरामीटर पूर्णांक असल्यामुळे भाषेच्या तपासनिसाला शंका येण्याचे कारण नसते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, पॅरामीटरला ‘अ’, ‘ब’ अशी नावे न देता ‘मोठीओळ’, ‘लहानओळ’ अशी बोलकी नावे देणे. दुसरा, मेथडच्या आरंभीच आलेल्या किमती तपासणे आणि मोठी ओळ लहान ओळीपेक्षा लहान असल्यास स्पष्ट संदेश देऊन थांबणे. तिसरा उपाय भाषेवर अवलंबून आहे. पायथॉनसारख्या भाषेत बोलवतानाच ‘मोठीओळ=७, लहानओळ=४’ असे नावानिशी सांगता येते; मग क्रम बदलला तरी बिघडत नाही. जावात ही सोय नाही. तेथे पहिल्या दोन उपायांवरच भिस्त ठेवावी लागते.

झेरॉक्स आणि पत्त्याची चिठ्ठी

मेथडला दिलेली किंमत मेथडच्या आत बदलली तर बाहेरही बदलते का, हा तोंडी परीक्षेत हटकून विचारला जाणारा प्रश्न. जावात पूर्णांकाच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असे आहे. मेथडच्या हाती मूळ किमतीची प्रत पडते. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर कोणी पेन्सिलीने खुणा केल्या म्हणून तलाठी कार्यालयातील मूळ नोंद बदलत नाही, तसेच हे आहे. मांडणीच्या मेथडने आपल्यापुरते अंतर ४० वरून ३० केले तरी ती बोलवणाऱ्याजवळचे ४० तसेच राहतात.

मात्र चित्र काढण्यासाठी जो ‘ब्रश’, म्हणजे जावातील ग्राफिक्स हा घटक, मेथडकडे सोपवला जातो त्याचे वर्तन वेगळे भासते. एका मेथडने ब्रशचा रंग लाल केला आणि तो पूर्ववत केला नाही, तर पुढे दुसऱ्या मेथडने काढलेली आकृतीही लाल उमटते. याचे कारण असे की येथेही प्रतच दिली जाते. परंतु ती ब्रशची नसून ब्रशच्या पत्त्याची असते. पत्ता लिहिलेल्या चिठ्ठीच्या दोन प्रती केल्या तरी घर एकच राहते. एका चिठ्ठीवरून पोहोचलेल्या माणसाने भिंत रंगवली तर दुसऱ्याला ती रंगवलेलीच दिसणार. म्हणून आपल्या मेथडने रंग बदलला असेल तर जाताना तो पूर्ववत करणे ही चांगल्या आज्ञावलीची शिस्त मानली जाते.

टर्बो सीमध्ये शिकलेल्यांना ‘इनिटग्राफ’ ही आज्ञा आठवत असेल. तिच्या पहिल्या दोन पॅरामीटरमागे ‘अँड’चे चिन्ह का लावायचे, हे न समजताच अनेकांनी ते पाठ केले. ते चिन्ह म्हणजे पत्ता देण्याची सी भाषेतील रीत. चित्रपटलाचा प्रकार आणि त्याची अवस्था यांच्या किमती ती आज्ञा स्वतः भरून परत देऊ शकत असे. त्यासाठी झेरॉक्स चालणार नव्हती, मूळ कागदच हवा होता.

आकड्याला एकक नसते

वर्तुळाकार रांगोळीसाठी केंद्राभोवती १२ ठिपके समान अंतरावर मांडायचे झाल्यास प्रत्येक ठिपका आधीच्या ठिपक्यापासून ३० अंशांवर हवा. त्यांची स्थाने साइन आणि कोसाइन या मेथडनी काढता येतात. शाळेत त्रिकोणमिती अंशांत शिकलेला विद्यार्थी त्यांना सरळ ३०, ६०, ९० असे आकडे देतो. या मेथडना मात्र कोन रेडियन या एककात हवा असतो. संगणक ३० हा आकडा ३० रेडियन समजतो. ते फेऱ्या वजा जाता सुमारे २७९ अंश होतात. परिणामी बारा ठिपके वर्तुळावर येतात खरे. पण तीन ठिकाणी दोन ठिपक्यांतले अंतर जेमतेम १० अंश राहते आणि एके ठिकाणी सुमारे ४५ अंशांची फट पडते. गोंधळात भर म्हणजे जावाचीच कमान काढणारी ‘ड्रॉआर्क’ कोन अंशांत घेते.

रांगोळीत अशी चूक हसण्यावारी नेता येते. सर्वत्र तशी नेता येत नाही. ११ डिसेंबर १९९८ रोजी सोडलेले नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले. पृथ्वीवरील एका आज्ञावलीने यानाच्या लहान प्रक्षेपकांच्या रेट्याचे आकडे पौंड-सेकंद या एककात दिले होते, तर ते वापरणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीने ते न्यूटन-सेकंद आहेत असे गृहीत धरले. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक पडतो. आकडे वेळेवर पोहोचले, ते स्वीकारलेही गेले. त्यांच्यासोबत एकक मात्र नव्हते. यान ठरल्यापेक्षा फार कमी उंचीवरून, मंगळाच्या वातावरणातून गेले. पॅरामीटरच्या नावातच ‘कोनअंशात’ किंवा ‘अंतरमीटर’ असे एकक लिहिण्याचा जो आग्रह अनुभवी प्रोग्रॅमर धरतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

कल्पना जुनी, उपयोग नवा

एकदा लिहिलेली रीत वेगवेगळ्या किमतींसह पुन्हा पुन्हा वापरायची, ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठाचा ‘एडसॅक’ हा संगणक मे १९४९ मध्ये सुरू झाला. त्याच्यासाठी डेव्हिड व्हीलर यांनी उपआज्ञावलीकडे जाऊन पुन्हा मूळ जागी परतण्याचे तंत्र तयार केले. मॉरिस विल्क्स, व्हीलर आणि स्टॅनली गिल यांच्या १९५१ च्या पुस्तकात अशा उपआज्ञावल्यांचा संग्रह आणि त्यांना पॅरामीटर देण्याच्या पद्धती सांगितल्या आहेत.

लहान मुलांपर्यंत ही कल्पना नेली ती ‘लोगो’ या भाषेने. वॉलेस फोइरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये ती सिद्ध केली. पुढे तिला जोडलेले कासव ‘पुढे जा १००, उजवीकडे वळ ९०’ अशा आज्ञांनी रेषा ओढत चाले. चार वेळा पुढे जाऊन वळले की चौरस. त्या कृतीला ‘चौरस’ हे नाव दिले की मेथड. आणि १०० च्या जागी ‘बाजू’ हे नाव ठेवले की पॅरामीटर. पॅपर्ट यांनी १९८० मधील ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात या शिक्षणपद्धतीची मांडणी केली. पायथॉन भाषेतील ‘टर्टल’ हे त्याच कासवाचे वंशज आहे.

भारतातही ठिपके आणि संगणकशास्त्र यांची गाठ जुनी आहे. गिफ्ट शिरोमणी, राणी शिरोमणी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये तामिळनाडूतील कोलमच्या आकृत्या आणि त्या निर्माण करणारी औपचारिक व्याकरणे यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. अंगणातल्या आकृतीमागे नियमांची एक भाषा आहे, हे त्यातून संगणकशास्त्राच्या परिभाषेत मांडले गेले.

नाव मराठी चालते

इंग्रजीची भीती बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जावा भाषेत मेथडचे आणि पॅरामीटरचे नाव देवनागरीतही देता येते, कारण ही भाषा सुरुवातीपासून युनिकोडवर आधारलेली आहे. पायथॉनने २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून ही मुभा दिली. भाषेचे राखीव शब्द आणि तयार मेथडची नावे रोमन लिपीतच राहतात आणि आकडेही इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात. पण ‘ठिपका’, ‘मांडणी’, ‘अंतर’ ही नावे संगणक बिनतक्रार स्वीकारतो. व्यवसायात अनेक देशांतील माणसे एकच आज्ञावली वाचतात, म्हणून तेथे इंग्रजी नावांचीच प्रथा आहे. शिकण्याच्या काळात मात्र नावातूनच अर्थ कळणे अधिक मोलाचे.

नवी मेथड लिहायला घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने कागदावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. ही मेथड एका वाक्यात काय करते? दर वेळी बदलणाऱ्या गोष्टी कोणत्या? त्या प्रत्येक गोष्टीचे एकक आणि मर्यादा काय? पहिल्या उत्तरातून मेथडचे नाव मिळते, दुसऱ्यातून पॅरामीटर आणि तिसऱ्यातून तपासणीच्या अटी. पहिले उत्तर एका वाक्यात मावत नसेल तर तेथे एक नसून दोन मेथड दडलेल्या आहेत असे समजावे. त्यानंतर एक किंमत बदलून पडद्याकडे पाहावे आणि मग दुसरी बदलावी. ‘७ ते ४’ नीट उमटले की ‘१ ते १’ देऊन पाहावे : पडद्याच्या मधोमध एकच ठिपका आला, तर रीत बरोबर आहे असे मानायला आणखी एक सबळ कारण मिळाले.